चौदाशे बारा पानांचा लेखक

सोमवार, ५ फेब्रुवारी
साहेबांनी आज जाहीर केलं. महिनाअखेर वेबसाइट विभागाला प्रमुख मिळणार, प्रमुखाला खिडकीवाली केबिन. उमेदवार दोनच: मी आणि शेजारच्या टेबलावरच्या ताई. काम एकच: मिक्सर, इस्त्री, पंख्यांच्या १४१२ पानांचा मेटाडेटा भरायचा. बायकोला समजावलं: पान कोणी लिहिलं, विषय काय, शोधल्यावर दिसणाऱ्या दोन ओळी कोणत्या, ही सगळी पानामागची माहिती. ती म्हणाली, म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. इतकं सोपं असतं तर मला कशाला ठेवलं असतं?
संकल्प: रोज शंभर पानं.

मंगळवार, ६
पानं: चार. मिक्सरचा विषय 'स्वयंपाकघर' की 'घरगुती उपकरणे', यात सकाळ गेली. पायाच कच्चा राहिला तर? ताईंनी वीस केली म्हणे. मुंगीच्या पावलांनी.

गुरुवार, ८
विषयांची यादी तयार. एकूण २६४. 'गुंता झालेल्या वायरी' हा माझा स्वतःचा. साहेबांनी विचारलं, पंख्यांची पानं किती झाली. दूरदृष्टी नसली की असे प्रश्न पडतात.
बायकोनं केबिनसाठी मनीप्लांटची कुंडी आणली. सासूबाईंना फोनवर सांगूनही झालं. आता केबिन मिळाली नाही तर घरात तोंड दाखवायची सोय नाही.

शुक्रवार, ९
माझी अकरा. ताईंची ऐंशी. कीबोर्ड अडकतो. खुर्चीही हलते.

सोमवार, १२, सकाळी ११.२०
सापडलं! साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते, त्यात सगळी पानं निवडून एखादा रकाना एकदम भरता येतो. साहेबांचा रिपोर्ट लेखकांच्या नावानं निघतो: ज्याच्या नावावर पानं जास्त, तो वर. लेखक कोण, तर इंजिनिअर, दुरुस्तीवाले, कधीच नोकरी सोडून गेलेले लोक. लिहिलं असेल त्यांनी, पण सांभाळतं कोण? १४१२ पानांवर लेखक म्हणून माझं नाव. दोन क्लिक. सॉफ्टवेअरनं विचारलं, जुनी नोंद ठेवायची का. जुनं कवटाळून कोण पुढे गेलंय? 'नको' दाबलं.

सायंकाळी ५.४०
साहेबांनी रिपोर्ट पाहून पाठीवर थाप मारली. ताईंनी वही मिटून पिशवीत ठेवली. जळत असणार.

मंगळवार, १३
कुंडी रिकाम्या केबिनच्या खिडकीत ठेवून आलो. शोभते.

बुधवार, १४
३०७ ईमेल! प्रत्येक पानाखाली तक्रारीचं बटण असतं आणि ती तक्रार थेट लेखकाला जाते. ही गोष्ट मला कोणी सांगायला नको? एक आजोबा लिहितात, तुम्ही सांगितल्याप्रमाणे इस्त्री उलटी धरली, आता पुढे काय करू? मिक्सरच्या झाकणावरून एका बाईंनी मला निर्लज्ज म्हटलंय. मी जन्मात मिक्सर लावलेला नाही. बायकोला विचारा.

गुरुवार, १५
आता ४९०. नाकी नऊ आले. प्रत्येक तक्रार 'संबंधित लेखकाकडे' पाठवतो. ती फिरून माझ्याकडेच येते.

शुक्रवार, १६
साहेब म्हणाले, खरे लेखक परत लावा. म्हटलं, जुनी नोंद उरली नाही. मग ताईंनी वही काढली. तोवर केलेल्या ऐंशी पानांचे लेखक त्यांनी हातानं लिहून ठेवले होते. हातानं! उरलेल्या १३३२ पानांसाठी मी विभागाविभागात जाऊन विचारायचं, हे तुम्ही लिहिलंत का. दुरुस्तीवाल्यांनी बसा म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत.

सोमवार, २६
केबिन ताईंना. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट म्हणाल्या, दमून जाऊ नका, रोज वीस पानं करा. वीस! मला!
संकल्प: उद्यापासून रोज शंभर.
आजची पानं: तीन.
कुंडी ताईंना आवडली. तिथेच राहू दे म्हणाल्या, पाणी तेवढं तुम्ही घाला. घरी बायकोनं विचारलं, केबिनमध्ये कुंडी कशी दिसते. छान दिसते, ऊनही भरपूर मिळतं, रोज मीच पाणी घालतो, असं सांगितलं. तिनं लगेच सासूबाईंना फोन लावला. माझा एकही शब्द खोटा नव्हता.