झियादच्या ताटाची राखण

परमदयाळू अल्लाहचे नाव घेऊन, आणि विहीणबाई घरी यायच्या आत, मी शहाता अब्दुलमाजिद दसूकी, राहणार रशीद शहर, मासळीबाजारामागची गल्ली, धंदा बाकल्याची, म्हणजे पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची, उसळ व वडे विकणे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते.

कलम पहिले. माझ्या मालमत्तेचे दोन तृतीयांश शरियतेप्रमाणे वाटले जातील: मुलगा बसयूनी याला दोन वाटे, मुलगी नगवा हिला एक. दुकान बसयूनीच्या वाट्यात धरावे. उरलेला तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा. पुढे नावानिशी दिलेल्या किरकोळ वस्तू सोडून तो सगळा नगवाला. बसयूनीने तोंड वाकडे करण्याआधी पुढचे वाचावे.

कलम दुसरे. एक मालमत्ता मी नकळत आधीच वाटून बसलो आहे. नगवाचा मुलगा झियाद लहान असताना वसंताच्या सणाला हिरवा बाकला खाऊन लिंबासारखा पिवळा पडला. लघवी काळ्या चहासारखी, आणि धाप अशी की बघवेना. इस्पितळात दुसऱ्याचे रक्त चढवले तेव्हा कुठे पोर हाती लागले. डॉक्टर सुहैर यांनी समजावले की रक्तातल्या तांबड्या पेशींना एक राखणदार असतो. झियादच्या रक्तात तो नावापुरताच आहे. एरवी काही बिघडत नाही, पण पोटात बाकला गेला की पेशी पटापट फुटतात. हे मुळातून बरे करणारे औषध नाही, पथ्य आहे. मग घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले, आणि चोर माझ्याच अंगात सापडला.

जन्मभर बाकला विकला, पण एक दाणा गिळला नाही. लहानपणी खाऊन मरता मरता वाचलो होतो. आईने तेव्हा जिन-भुताला बोल लावला. त्यानंतर वासानेही मळमळायचे. मीठ बेताचे पडले का, ते मी पहिल्या गिऱ्हाइकाच्या भुवयांवरून ओळखत आलो. गल्ली म्हणायची, शहाताचा माल इतका चांगला की शहाताही त्याला हात लावत नाही.

तर बसयूनी, हे दुखणे शरियत जाणत नाही. बाप ते मुलाला देत नाही, मुलीला मात्र हटकून देतो. तिच्यावर ते बहुधा उमटतही नाही, पण तिच्या प्रत्येक मुलाच्या वेळी नाणे उडते. तुला त्यातले काहीच मिळाले नाही. म्हणून तो तिसरा हिस्सा नगवाचा.

कलम तिसरे. माझा लोकरी झगा बसयूनीला. झियादने तो अंगावर घेऊ नये. त्यात वर्षानुवर्षांच्या डांबरगोळ्या मुरल्या आहेत आणि त्यांची वाफही या रक्ताला सोसत नाही. मलेरियाची काही औषधेही सोसत नाहीत. पोराने कोणत्याही डॉक्टरपुढे आधी रोगाचे नाव सांगावे, मग स्वतःचे.

कलम चौथे. दुकानापुढचा लाकडी बाक समोरच्या मुल्हमला आजच देऊन टाकला आहे, इथे नुसती नोंद. हा सीरियाहून आला आणि माझ्या नाकासमोर हरभऱ्याचे वडे तळू लागला. मी त्यांना भुसा म्हणत असे, अजूनही म्हणतो. पण झियादला चालणारा वडा या गल्लीत तेवढाच, आणि त्या कढईत बाकला कधी पडणार नाही असा शब्द मुल्हमने दिला आहे. भुसा खायचा तर निदान बसून खावा.

कलम पाचवे. माझा तांब्याचा हंडा, ज्यात उसळ रात्रभर निखाऱ्यावर शिजते, तो विहीणबाई, म्हणजे नगवाच्या सासू, हज्जा इन्शिराह यांना. कारण देतो. पोर आजारी पडले तेव्हापासून त्या ओरडत होत्या, "व्याही, हे तुमच्याच घरातून आलंय." तपासणीत त्यांचेच खरे ठरले. हजहून आल्यावरही त्या एवढ्या खूश नव्हत्या. पण निदान पटले तरी पथ्य पटेना. बाकला न खाणारा पुरुष कसला, हळूहळू सवय लावावी, असे म्हणत गेल्या महिन्यात त्यांनी पोळीत बाकल्याचा अर्धा वडा दडवला. नगवाने तो झियादच्या ओठांवरून काढला. येत्या सोमवारी पुन्हा वसंताचा सण आहे. सणाचे ताट त्यांच्याच हातचे, आणि मी काही जन्माचा पुरणार नाही. म्हणून अट अशी की हंडा घ्यायचा तर झियादच्या ताटाची राखण त्यांनी करावी. जे आपले झाले त्याला त्या सख्ख्या बहिणीलाही बोट लावू देत नाहीत.

इथवर लिहिले आणि द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या घेऊन हज्जा आल्याच. वकील, डॉक्टर आणि मुल्हम सह्यांसाठी बसलेले पाहून म्हणाल्या, "मेल्यावर वाचणार ते जिवंतपणी वाचा की." मी वाचले. अर्ध्या वड्यापाशी त्या हसल्या. मग डॉक्टर सुहैरना विचारले, अर्ध्यानेसुद्धा? डॉक्टर म्हणाल्या, "अर्ध्यानेसुद्धा, हज्जा. किती सोसेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही."

हज्जांनी गुंडाळ्या बाजूला सारल्या. मग कागद स्वतःकडे ओढला, साक्षीदार म्हणून मीही सही करते म्हणाल्या. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही.

"मग हंडा बसयूनीला द्या."

मी म्हटले, "हज्जा, चांगला जाड तांब्याचा आहे."

"दिसतोय मला. पण उद्या पोराला काही झालं, तर मला माहीत नव्हतं म्हणायची सोय मला नको. कुठे सही करू?"

सबब कलम पाचवे रद्द. हंडा बसयूनीला, बिनशर्त.

लिहून देणार: शहाता अब्दुलमाजिद दसूकी
साक्षीदार: मुल्हम अल-कब्बानी, डॉ. सुहैर राग़िब
साक्षीदार: इन्शिराह अली नुअमान (दोनदा वाचून घेतले. सणाला हरभरे भिजवीन.)

रशीद, गुरुवार, ५ एप्रिल २०१८