दोघांनी दिलेली एक साक्ष

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझा फोन लागत नाही म्हणून तू घर डोक्यावर घेतलं असशील. फोन पोलिसांनी नेलाय, सगळ्यांचेच नेलेत. ताई, आमच्या मालकीणबाईंचा खून झाला. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे.

रोपवाटिकेतल्या काचघरात, जिथे त्या दुपारभर कलमांवर वाकलेल्या असायच्या, तिथेच त्या पडलेल्या सापडल्या. मानेवर छाटणीच्या कात्रीचा वार होता. आदल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत मला फैलावर घेतलं होतं आणि मी पंपवाल्यापाशी धुसफुसले होते की एक दिवस या बाईचा गळाच आवळीन. बोलायला काय जातं गं! आता आठवलं की अंगावर काटा येतो. त्याच्यावरही त्यांनी पंपाची जुनी मोटार चोरल्याचा आळ घेतला होता.

पंपवाला कोण ते तुला सांगायला नकोच. आमचे पंप आणि नळ दुरुस्त करणारा, नि मी ज्याच्याशी लग्न करायचं म्हणते तो.

आता खरं सांगते. संध्याकाळी आवरताना मी रोजच्यासारखी नळावर माझी कात्री धूत होते. एका झाडाची कीड दुसऱ्याला लागू नये म्हणून आम्ही सगळेच धुतो. तेवढ्यात तो काचघराच्या मागच्या दाराने बाहेर आला. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे, माझ्या हातांकडे पाहिलं आणि चकार शब्द न काढता पंपाच्या खोलीकडे चालता झाला. थोड्या वेळाने पाणी घालणाऱ्या मावशी आत गेल्या आणि किंचाळत बाहेर आल्या.

दुपारी कोण कुठे होतं, असं इन्स्पेक्टरांनी आम्हाला अंगणात उभं करून विचारलं. त्याने तोंड उघडायच्या आत मी बोलून मोकळी झाले की तो सगळी दुपार माझ्यासोबत पॅकिंग शेडमध्ये खोकी बांधत होता. शेडमध्ये मी एकटीच होते, ताई. त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

हे पत्र फाडून टाक. भाऊजींना नमस्कार सांग, बाकी काही सांगू नकोस. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बयो


१७ जानेवारी

चि. बयोस,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं. तुझ्या भाऊजींना सांगितलं की बयोला सर्दी झालीय. ते म्हणाले की सर्दीसाठी एवढं मोठं पत्र लिहिणारी माझी मेव्हणी एकटीच असेल. त्यांना संशय आलाय, पण ते विचारणार नाहीत.

काय म्हणावं तुला? लहानपणी मांजर दूध प्यायलं तर तू मांजराची बाजू घ्यायचीस, तेव्हा आम्ही हसायचो. हे दूध नाही, बये. एका बाईचा जीव गेलाय, आणि त्या भल्या बाईने चांगलं रागावून का होईना, पण तुला कलम बांधायला शिकवलं होतं.

एकच विचारते. त्याने हे केलं असं तुला वाटतं का? वाटत नसेल तर खोटं का बोललीस? आणि वाटत असेल, तर त्याच्यासोबत एका घरात झोपणार कशी आहेस? आजच्या आज सामान बांध आणि इकडे निघून ये. शाळेत मला सुट्टी मिळत नाही, नाहीतर मीच कान धरून आणलं असतं.

जिवाला जप. रागावले तरी मी तुझीच आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले की पेन अडतं. हो, मला वाटतं त्यानेच केलं. आणि तरी तो समोर आला की मला बरं वाटतं. हसू नकोस. काल त्याने माझ्या खोलीतला गळका नळ बसवला आणि पाना पुसता पुसता लग्नाची तारीख विचारली. त्या दुपारबद्दल तो बोलत नाही, मीही बोलत नाही. मी त्याचे हात बघत बसते.

पोलिसांनी रखवालदार काकांना धरलंय. मालकीणबाईंचा धाकटा भाऊ, ज्याला ही जमीन विकायची होती, त्याने जबाब दिला की त्या दुपारी तो बहिणीला भेटायला आला होता, पण फाटकावर काकांनी अडवलं म्हणून परत गेला. काका म्हणतात की आपण फाटकावर नव्हतोच, मागच्या पाण्याच्या टाकीपाशी पंपवाल्यासाठी शिडी धरून उभे होतो. पंपवाल्याला समोर बोलावून विचारलं. तो म्हणाला की नाही, मी शेडमध्ये होतो. मग काकाच खोटे ठरले.

काका खोटं का बोलतात कळत नाही. इतका साधा माणूस. त्यांच्या बायकोने मला वाटेत थांबवून विचारलं की पोरी, तुला काही माहीत आहे का? मी नाही म्हटलं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

उत्तर लवकर धाड. तुझं पत्र आलं नाही की आधारच सुटतो.

तुझी,
बयो


६ फेब्रुवारी

चि. बयोस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

माझा जन्म शाळेतल्या पोरांची भांडणं सोडवण्यात गेला. खोटं बोलणारं पोर साक्षीला आपल्या जिवलग मित्राचं नाव सांगतं, म्हणजे तो सांभाळून घेईल. तुझ्या काकांना खोटंच बोलायचं होतं, तर त्यांनी बायकोचं नाव घेतलं असतं, मावशींचं घेतलं असतं. तू सगळ्यांदेखत ज्याला शेडमध्ये बसवलंस, नेमकं त्याचंच नाव कशाला घेतील? एकाच कारणाने घेतील. ते खरं आहे म्हणून.

म्हणजे तुझा पंपवाला दुपारभर टाकीवर होता. त्याने काही केलेलं नाही. मग शिडी धरणाऱ्या म्हाताऱ्याला तोंडावर खोटं पाडून तो तुझ्या शेडची गोष्ट का धरून बसलाय? तुला अजून दिसत नाही? तू आदल्या दिवशी त्याला काय म्हणाली होतीस? काचघरातून बाहेर आल्यावर त्याने तुला काय करताना पाहिलं? बये, त्याला वाटतंय तू केलंस. त्याला वाटलं, शेडची गोष्ट तू स्वतःला वाचवायला रचलीस. तो तुझ्यावर पांघरूण घालतोय आणि तू त्याच्यावर, आणि थंडीत कुडकुडतोय तो म्हातारा.

आज, आत्ता त्याच्याकडे जा आणि विचार. मग दोघं पोलिसांकडे जा. शिक्षा व्हायची ती होऊ दे, मी आहे. तुझे भाऊजीही आहेत. हो, मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की सर्दी बरीच वाढलेली दिसते. आणि मग वकील शोधायला बाहेर पडले.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसले आहे.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच निघालं. मी विचारलं तेव्हा तो पंपाच्या खोलीत खालीच बसला. टाकीचं काम झालं हे सांगायला तो काचघरात गेला आणि बाई पडलेल्या दिसल्या. ओरडायला म्हणून मागच्या दाराने धावला, तर समोर मी, हातात कात्री, आणि ओरडणं घशातच राहिलं. मी म्हटलं, मला एकदा विचारायचंस तरी. तो म्हणाला, तू हो म्हणाली असतीस तर? ताई, मीसुद्धा त्याच भीतीने विचारलं नव्हतं. आम्ही दोघं खूप रडलो.

मग दोघं पोलिसांकडे गेलो. इन्स्पेक्टरांनी आमची सालटी काढली. खोटा जबाब दिल्याचा गुन्हा आमच्यावर दाखल होणार आहे, भाऊजींनी पाठवलेले वकील बघताहेत. पण काका टाकीपाशी होते हे पक्कं झाल्यावर त्या भावाला विचारलं की मग तुला फाटकावर अडवलं कोणी? तिथे तो गडबडला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने खून कबूल केला. काका सुटले.

एक मनातलं सांगते. तो खुनी आहे असं वाटत असताना मी त्याला सोडलं नाही, याचा मला आतून अभिमान वाटायचा. केवढं माझं प्रेम! आणि त्याला मी खुनी वाटले हे कळल्यावर मात्र काळजाला घरं पडली. चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग माझं मलाच हसू आलं. लग्न आम्ही करणार आहोत, साधंच, नोंदणी करून.

काल काकांच्या घरी गेलो माफी मागायला. काकूंनी दार उघडलं आणि आत निघून गेल्या. काका बारीक झालेत. आम्ही बोलत राहिलो, ते ऐकत राहिले. मग म्हणाले की तुम्ही दोघं एकमेकांसाठी खोटं बोललात, ते मला समजतं. पण माझ्यासाठी खरं बोलायला कोणी नव्हतं, हे काही मनातून जात नाही.

उठताना मी धीर करून लग्नाला यायला सांगितलं. ते येतो म्हणाले, पण अगदी मागच्या खुर्चीवर बसेन म्हणाले. सुटलो तरी लोक अजून वळून वळून बघतात, म्हणाले.

ताई, शाळेतून सुट्टी काढच. नोंदणीच्या दिवशी माझ्याजवळ उभी राहू नकोस. मागे जा आणि काकांच्या शेजारी बस.

माया असू दे, आमच्या दोघांवरही.

तुझी,
बयो