तपासायला पाठवलेली बातमी

बोडो, नॉर्वे

हालवर्दकाका,

पत्रकारितेच्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवतात, की ज्याची मुलाखत घेतली त्याची वाक्यं छापण्याआधी त्याला तपासायला पाठवायची. फक्त त्याचीच. तुमच्या मासळी कारखान्यातल्या अमोनियाच्या गळतीवर लिहिताना मी घाईत तुम्हाला अख्खी बातमी पाठवली, तुमची कामगार दानुता गळतीबद्दल जे बोलली त्यासकट. तिचं नाव मी बदललं होतं. पण सोळा वर्षं कॉड मासे कापणारी पोलिश बाई तुमच्याकडे एकच आहे.

चूक माझी. पण दुसऱ्याच दिवशी तिला कामावरून काढलंत ते तुम्ही! वर फोन करून म्हणालात, "पोरी, तू तर माझं काम सोपं केलंस," आणि हसलात. ते हसणं आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. गळतीचा इशारा देणारा बंद पडलेला भोंगा दुरुस्त करायला तुम्हाला तीन महिने पुरले नाहीत, तिला काढायला मात्र एक सकाळ पुरली.

मी तिच्या दारात जाऊन रडले. ती म्हणाली, "रडतेस काय बाई? छाप आता, माझ्या खऱ्या नावानं."

सख्ख्या काकांवर आपण बातमी लिहायची नसते, हेही मला उशिराच उमगलं. म्हणून ती आता माझ्या वर्गातली बेरिट लिहिते आहे. हे पत्र तुम्हाला पाठवणार नाही, तिच्या हातात देणार आहे.

काल तिनं विचारलं, "तुझी चूकही छापायची? मग तुझं नाव बदलू ना?"

"मुळीच नको. आडनावासकट घाल. काकांचंही तेच आहे."

तुमची पुतणी,
एल्ड्रिड शेल्विक