रंगकामाचं निमित्त

ऑर्हुस, १४ नोव्हेंबर

प्रिय बिर्थे आई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? स्केगनला वारा सुटला असेल, तेव्हा सायकल काढू नका असं तुमच्या लेकाने, त्रोल्सने, सांगायला सांगितलंय. तुम्ही ऐकणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. खरंच बरे आहोत. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुमचा जीव खालीवर होईल. तसं झालं की पुन्हा या ओळीवर या.

दुकानात नाताळची गर्दी सुरू झाली आहे. मुलं चढून बेसिनपाशी हात धुतात ना, त्या बर्चच्या बुटक्या पायऱ्या संपल्यासुद्धा. बोर्नहोमच्या एका कुंभारणीने चिमुकल्या हातांसाठी दोन कानांचे पेले घडवलेत. आया ते उचलतात, कुरवाळतात आणि ठेवायचं विसरतात. मुलांच्या खोलीसाठी अशी एखादी नेटकी वस्तू सापडली की मला अजूनही दिवसभर हसू येत राहतं.

आई, शरदाच्या सुट्टीत तुम्ही यायच्या होतात आणि आम्ही ‘घरात रंगकाम काढलंय’ म्हणून नको म्हटलं. रंगकाम काही नव्हतं. तुम्ही ते ओळखलंत, हे तुमच्या ‘बरं बरं’वरूनच कळलं. आणि कारणही तुम्ही मनाशी ठरवून टाकलंत. एल्नाच्या वाढदिवसाला तुम्ही स्वतः विणलेली लालभडक पट्ट्यांची सतरंजी घेऊन आलात आणि म्हणालात, “मारेन, हे घर आहे की ओटची लापशी? पोरीला जरा रंग दिसू दे!” मी तोंड वाकडं करून म्हटलं, “आमच्याकडचे रंग शांत असतात.” तुम्ही दुपारच्याच गाडीने परत गेलात. पण कारण ते नव्हतं, आई.

सप्टेंबरात दुकानासाठी फोटो काढत होते. पाकोळी पक्ष्यांचं एक कागदी झुंबर आलं होतं, ते एल्नाच्या पलंगावर टांगलं होतं आणि ती खाली बसली होती. नंतर फोटो पाहताना तिच्या डाव्या डोळ्यात एक पांढरा ठिपका दिसला, दुधाचा थेंब पडावा तसा. माझी भागीदार गेर्दा म्हणाली, “उजेड पडलाय. पुसून टाकते, कळणारही नाही.” मी म्हटलं, “थांब.” वाढदिवसाचे जुने फोटो शोधून पाहिले. त्यातही तोच डोळा, तोच ठिपका.

डॉक्टरांनी त्याच दिवशी इस्पितळात पाठवलं. त्यांना आधी काय नाही याची खात्री करायची होती, तो शब्द मला अजून लिहवत नाही. त्रोल्सने फोन हातात घेतला. “आईला सांगतो.” मी तो काढून घेतला. म्हटलं, “तुझी आई एकदा येप्पेच्या उशाशी बसली आहे. पुन्हा नको.” भाऊ गेला तेव्हा त्रोल्स चार वर्षांचा होता. त्याला फक्त इस्पितळाच्या खुर्चीवर पडलेला तुमचा कोट आठवतो म्हणाला. हे त्याने मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

शरदाच्या सुट्टीतच तपासायला तिला गुंगी दिली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्रोल्स छपराच्या पन्हाळी साफ करायच्या आहेत, यावर बोलत राहिला. मी हो हो म्हणत राहिले. मग डॉक्टरीणबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “गाठ नाही.” बाकीचं बसल्यावर सांगितलं. त्रोल्सने त्यांचा हात धरला, तो सोडायचा कसा हेच त्याला सुचेना.

चष्म्याचा नंबर आहे, आई! दोन्ही डोळ्यांना, आणि डाव्याला तर एवढा, की तो डोळा बघायचं शिकलाच नव्हता, जरासा आत वळला होता. म्हणून फोटोतला उजेड त्यातून तसा परतला. आता चष्मा लावायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी. “वेळेत आणलंत, शिकेल तो,” म्हणाल्या.

मी मधाच्या रंगाची, पारदर्शक, फार देखणी फ्रेम निवडली होती. एल्नाने हिरवीगार उचलली, जांभळ्या दांड्यांची. “हा बेडूक माझा!” मी तोंड उघडलं, तर त्रोल्स म्हणाला, “मारेन, एक अक्षर नाही.” बेडूक घेतला.

चष्मा लावून ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “आई, तुझ्या तोंडावर किती ठिपके आहेत!” या वांगांवरून शाळेत मला सगळे चिडवायचे. माझ्या लेकीने ते तीन वर्षांत पाहिलेच नव्हते. मी चष्म्याच्या दुकानात सगळ्यांदेखत रडले. घरी येऊन ती पलंगावर उताणी पडली आणि ओरडली, “यांना शेपट्या आहेत!” मला वाटायचं, तिला त्या पाकोळ्या आवडत नाहीत.

पांढऱ्या टेबलावरची पांढरी वाटी मी किती हौसेने मांडायचे! ती बोटांनी चाचपत जेवायची आणि मी “नीट बस” म्हणून दटावायचे. आता वाटी निळी आहे. तुमची सतरंजी तिच्या पलंगाशी आहे. लाल कड दिसली की ती टुणकन उडी मारते. दुकानासाठी काही घेताना आता मी आधी विचारते, हे लेकराला दिसेल का?

पट्टीवरून रोज सकाळी रडारड होते. आधी अस्वलाला लावायची, मग तिला.

आम्ही तुम्हाला जपायला गेलो आणि एकटं पाडलं. त्या बाकावर कसं बसायचं, हे आमच्यात फक्त तुम्हालाच माहीत होतं. त्रोल्स सारखा फोन करू म्हणतोय. मीच म्हटलं, आधी पत्र जाऊ दे, म्हणजे रागवायचं झालं तर माझ्यासमोर आवरून धरावं लागणार नाही.

वाचून झालं की फोन करा, दिवस असो की रात्र. मला बोलता आलं नाही, तर ठेवू नका. मी ऐकत असेन.

तुमची लेक,
मारेन