उजव्या हाताचं औषध

डोंबिवली (पूर्व),
९ फेब्रुवारी २०२५

ती. मंदाकिनीताईंस,
हेमांगीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानाच्या मशीनने पुन्हा दगा दिला हे वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू का, त्यामुळे तुमची पत्रं येतात याचा मला आनंदच आहे. फोनवर तुम्ही मला कधी एवढं बोलू दिलं नव्हतंत. ऋजुताची परीक्षा जवळ आली आहे, म्हणून घरात टीव्ही बंद आहे आणि शिक्षा आम्हालाच.

आज तुमच्या भावाची तक्रार घेऊन बसले आहे. कंपनीत वाफेने भाजलेला विनीतचा उजवा हात वरून कधीच बरा झाला, पण आतल्या नसा पाच वर्षं जळतच आहेत, हे मी तुम्हाला नव्याने सांगायला नको. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं जेवढं कमी व्हायचं त्याहून जास्त तो पेंगायचा. रसायनं शिजवायच्या एवढ्या मोठ्या रिअ‍ॅक्टरच्या टाकीसमोर उभं राहणाऱ्या माणसाला पेंगून कसं चालेल? तर आता त्याने एका वैद्यांना दाखवून तेलाची बाटली आणली आहे. झोपताना जिभेखाली थेंब घ्यायचे. मी लेबल वाचलं तर त्यावर विजया. ऋजुताने मोबाइलवर बघितलं, तर म्हणे भांगेचंच झाड, आणि गांजाही त्याचाच!

विनीतला विचारलं तर हसला आणि म्हणाला की वैद्यांनी रीतसर लिहून दिलंय. ताई, त्या दिवसापासून तो गाढ झोपतो आणि मी जागी. ठाण्याच्या कोर्टात स्टेनो म्हणून तुम्ही आयुष्यभर असल्या केसेस टाइप केल्यात. एकदा स्पष्ट सांगा, याला कोणी पकडून तर नेणार नाही ना?

तुमचा लोभ आहे, तो कमी होऊ देऊ नका.
तुमची,
हेमांगी


वर्तकनगर, ठाणे,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी विनीतला मनातल्या मनात एक धपाटा घातला. मग साडी बदलली आणि जया वकीलबाईंच्या घरी गेले. त्यांना बिचाऱ्यांना माझ्यासाठी ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे आमचा सल्ला त्यांच्या सगळ्या मजल्याने ऐकला.

तर ऐक. अमली पदार्थांच्या पंच्याऐंशी सालच्या कायद्यात गुन्हा आहे तो गांजाचा, म्हणजे त्या झाडाच्या फुलोऱ्याचा, आणि चरसाचा. नुसत्या पानाला तो कायदा गांजा म्हणत नाही. पानावर नियंत्रण आहे, पण परवाना असलेल्या कारखान्याने पानापासून केलेलं आयुर्वेदिक औषध वैद्याच्या चिठ्ठीवर घेता येतं. आपले नेहमीचे डॉक्टर ते लिहून देणार नाहीत, ते त्यांच्या शास्त्रात नाही. मला हे ठाऊक नव्हतं. एवढ्या केसेस टाइप केल्या, पण कोर्टात सगळा फुलोराच यायचा. पान कशाला येईल?

चिठ्ठी, बिल आणि लेबल असलेली बाटली एकत्र ठेव. तुझ्या सवयीप्रमाणे तेल दुसऱ्या बाटलीत ओतू नकोस. शेजारच्या कोणाचा गुडघा दुखतोय म्हणून दोन थेंब देऊ नकोस. बाकी निर्धास्त झोप. आई गेल्यावर मी त्या पोराला मांडीवर घेऊन निजवलं आहे. तो झोपतो हे वाचून मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

ऋजुताला अभ्यासाला बळ मिळो. तुम्हा सगळ्यांवर माया आहेच.
तुझी,
ताई


डोंबिवली (पूर्व),
३० मार्च २०२५

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

पाडव्याच्या शुभेच्छा. आज गुढी विनीतने बांधली, उजव्या हाताने. साखरेची गाठी घालून गाठ मारली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू किल्ला सर केला. श्रीखंड चक्क्यापासून घरी केलं होतं. तुम्ही यायला हवं होतंत.

पण सणाच्या दिवशीही डोक्यात घोर आहे. मध्यंतरी दुसऱ्या एका कारखान्यात अपघात झाला. तेव्हापासून इथल्या साहेबांनी नियम काढला आहे की सगळ्या ऑपरेटरांची वर्षाच्या मेडिकलबरोबर नशेचीही तपासणी व्हायची. विनीतने वैद्यांना विचारलं. ते म्हणाले की रोज घेणाऱ्याच्या लघवीत याचा अंश आठवडेच्या आठवडे राहतो. सकाळी डोकं स्वच्छ असलं तरी तपासणीत नशा म्हणूनच दिसणार, आणि ती पानाची की फुलोऱ्याची हे त्या तपासणीला कळत नाही.

त्याच्याबरोबर काम करणारा राघो म्हणतो, घाबरू नको, तुझ्या नमुन्याची बाटली मी भरून देतो. ताई, लाज वाटते लिहायला, पण मी राघोला घरी बोलावून चहा पाजला. विनीत हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तेल सोडायला तो तयार नाही. इकडे आड, तिकडे विहीर झाली आहे. काय करू ते लगेच कळवा.

आमच्यावरचा लोभ असाच राहो.
हेमांगी


वर्तकनगर, ठाणे,
५ एप्रिल २०२५

चि. विनीत यास,
अनेक आशीर्वाद.

हेमांगीने मला सगळं लिहिलं आहे, तिच्यावर डाफरू नकोस. राघो मनाने चांगला असेल, पण त्याची बाटली त्याच्याचकडे राहू दे. आपल्या घरात असले धंदे कोणी केले नाहीत आणि तूही करायचे नाहीस. खोटा नमुना दिलास आणि सापडलास, तर चांगलं औषध घेणारा माणूस त्या दिवशी लबाड ठरेल.

कर नाही त्याला डर कशाला? सोबत कंपनीच्या नावे अर्ज टाइप करून पाठवला आहे. कधीपासून, कशासाठी, कोणाच्या सल्ल्याने औषध घेतोस, ते रात्रीच घेतोस, आणि ते कायद्यात बसतं, असं सगळं त्यात नीट आलं आहे. वैद्यांच्या चिठ्ठीची झेरॉक्स लाव, तपासणीच्या आधी साहेबांच्या हातात दे आणि पोच घे. खरं बोलणाऱ्याला मी कोर्टात हरताना पाहिलं आहे, पण तिथे निदान त्याची मान ताठ असते.

तुझ्या तब्येतीची काळजी करणारी आणि तुझ्या खुशालीच्या पत्राची वाट बघणारी,
ताई


डोंबिवली (पूर्व),
११ मे २०२५

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

मुद्दामच उशिरा लिहिते आहे, कारण तुमचा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

विनीतने अर्ज दिला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, प्रामाणिक आहेस म्हणाले. कंपनीच्या डॉक्टरांनीही मान्य केलं की यात बेकायदा काही नाही. आणि मग म्हणाले की अंगात हे असलेला माणूस रिअ‍ॅक्टरवर ठेवता येत नाही, कायदा वेगळा आणि सेफ्टी वेगळी. अठरा वर्षं ऑपरेटर असलेला माणूस आता स्टोअरमध्ये हातमोजे वाटतो. शिफ्टचा भत्ता बंद झाला. पोरं मागून गांजावाला म्हणतात. परवा बिल्डिंगमधल्या एका मुलीने ऋजुताला विचारलं की बाबांची पुडी कुठून येते. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. याला आमच्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ताई.

तपासणी स्वच्छ आली की परत घेऊ, असं त्यांनी सांगितलं आहे. म्हणून त्याने तेल बंद केलं. बाटली त्याने स्वतःच मोरीत रिकामी केली, मला हात लावू दिला नाही. दुखणं परत आलंय. शर्टाची बटणं मी लावते आणि तो भिंतीकडे बघत उभा असतो. त्याला काही विचारलं तर अंगावर येतो, आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटतं.

रागावले असले तरी पाया पडते.
हेमांगी


वर्तकनगर, ठाणे,
१८ मे २०२५

चि. सौ. हेमांगीस,
आशीर्वाद.

तुझा राग योग्य आहे. मी माझ्या टाइप केलेल्या अर्जावर खूश होते आणि कारखान्याचा विचार केला नाही.

जयाताईंकडे पुन्हा जाऊन आले. औषध घेता येतं एवढंच कायदा म्हणतो, घेतल्यावर माणसाला अमुक कामावर ठेवलंच पाहिजे असं म्हणत नाही. भांडता येईल, पण तोवर पोर दहा वेळा नोकरी बदलेल, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं की पेंग आणणाऱ्या जुन्या गोळ्यांचं काय. तर त्या या तपासणीत येतच नाहीत. मला हसावं की रडावं कळेना.

त्याला म्हणावं, नोकरी गेली तर जाऊ दे, माझी पेन्शन आहे. ऐकणार नाही, मला माहीत आहे. आमच्या घरातला आहे. मी चार दिवस राहायला येऊ का? तू म्हणशील तेव्हाच येईन.

तुझ्या मनातला माझा कोपरा रिकामा करू नकोस.
ताई


डोंबिवली (पूर्व),
२२ जून २०२५

ती. ताईस,
विनीतचा सा. न. वि. वि.

हेमांगीने तुला कळवलं असेलच. तपासणी स्वच्छ आली, कंपनीच्या डॉक्टरांनी फिट म्हणून सही केली आणि मी परत रिअ‍ॅक्टरवर गेलो. पोरांनी पेढे मागितले, मी दिले. हेमांगीने गणपतीला नारळ फोडला. घरात सगळे खूश आहेत, म्हणून हे घरात कोणाला सांगता येत नाही. तुलाच सांगतो.

गेल्या आठवड्यात टाकीतली उष्णता चढायला लागली. अशा वेळी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा असतो. डोळे मिटूनही करू शकेन असं काम आहे ते. मी चाक धरलं आणि बोटं मिटलीच नाहीत. खांद्यापर्यंत अशी आग गेली की क्षणभर मला दिसेनासं झालं. डाव्या हाताने, छातीचा जोर लावून बघितला, पण चाक हलेना. काटा वर जात होता आणि मी नुसता बघत होतो. राघोचं लक्ष गेलं म्हणून तो धावत आला आणि त्याने उघडला. काही झालं नाही. पाळीच्या नोंदीत मी सर्व ठीक म्हणून लिहिलं.

राघो कोणाला बोलला नाही. त्याला वाटतं त्याने माझी नोकरी वाचवली. त्याला दोन लहान पोरं आहेत गं, आणि तो माझ्या बाजूलाच उभा असतो.

रात्री झोप नसते म्हणून मी जुन्या गोळ्या घेतो. दिवसा त्यांची पेंग येते, मग पॅनलसमोर उभ्या उभ्या डोळे मिटतात. तेल घेत होतो तेव्हा हे एकदाही झालं नव्हतं. तेल घेतलं तर काम नाही, आणि कामावर जायचं तर असं जायचं. ऋजुताची फी भरायची आहे, घराचा हप्ता आहे, म्हणून राजीनामा लिहायला बसतो आणि उठतो. तू अर्जात खरं लिहिलंस, त्याचा मला राग नाही. पण परत खरं बोलायची माझी हिंमत संपली, ताई. मी भित्रा झालोय.

उद्यापासून मला माझी जुनी शिफ्ट मिळाली आहे. वर्षाच्या तपासणीखेरीज आता रोज गेटवरही सगळ्यांची तपासणी होते. मी नमुना देतो, ते बघतात, काही निघत नाही आणि मला आत सोडतात. रोज मला वाटतं, आज तरी यांनी मला पकडावं.

तुझा,
विनीत