दोन आकड्यांचा फरक

दि. १४ मार्च, मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. दुकानाची जेवणाची सुट्टी. ऐकण्याच्या खोलीतल्या स्पीकरवरची धूळ पुसून सोफ्यावर बसलोय.

प्रिय दादा,

बाबांच्या कानांची तपासणी झाली. खिळ्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रेसवर काढली, त्याचं फळ. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांना यंत्रं लावा, उशीर केलात तर माणसांचे शब्दच कळेनासे होतील. त्या संध्याकाळी मी बाबांना तुझा फोन लावून दिला होता. ‘आत्ताच मोठा खर्च झालाय बाबा, पुढच्या वर्षी बघू,’ असं तू म्हणालास. मला बाजूला उभं राहून ऐकू आलं. बाबांना आलं नाही. ते हसून म्हणाले, ‘हो हो, तूही जप तब्येतीला.’ मग दुसऱ्या दिवशी दिवसभर मला सांगत होते, मोठ्याचा आवाज किती दिवसांनी ऐकला!

तो मोठा खर्च कुठला, ते मला कोणी सांगायला नको. पावती माझ्याच हातची आहे.

१८ फेब्रुवारीला तू सासऱ्यांना घेऊन दुकानात आलास. मी ‘दादा’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू म्हणालास, ‘अहो, जरा चांगल्यातलं दाखवा.’ सासऱ्यांनी विचारलं, ‘ओळख आहे वाटतं?’ तू म्हणालास, ‘आमच्या जुन्या गल्लीतला मुलगा आहे.’ मी आठवीत शाळा सोडली, कारण दोघांची फी भरणं बाबांना झेपत नव्हतं आणि हुशार तू होतास. त्याबद्दल मी आजवर चकार शब्द काढलेला नाही. तू वसतिगृहातून माझी पत्रं लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवायचास, तीसुद्धा मी जपून ठेवली आहेत. पण ‘गल्लीतला मुलगा’ मात्र घशात अडकला, तो अजून उतरत नाही.

तुम्ही याच सोफ्यावर बसलात. आधी मी अडतीस हजारांचा स्पीकरचा संच लावला, मग चार लाख साठ हजारांचा. गाणं तेच. तू डोळे मिटून म्हणालास, ‘जमीन-अस्मानाचा फरक!’ सासरे म्हणाले, ‘जावईबापू, कान आहे तुम्हाला.’

दादा, तो कान नव्हता. स्वस्त संचाला आवाजाचा आकडा मी एकोणतीसवर ठेवला होता, महागड्याला एकतीसवर. जरा मोठं ऐकू आलं की माणसाला ते जास्त स्वच्छ वाटतं. पहिल्याच आठवड्यात मालकांनी हे शिकवलं होतं: ‘खोटं बोलायचं नाही, फक्त दोन आकडे वाढवायचे.’ नेहमीच्या गिऱ्हाइकाला मी दोन्ही आवाज सारखे करून दाखवतो. त्या दिवशी नाही केले. मुद्दाम. तुला खड्ड्यात उतरवायचं होतं.

परवा मी डोळ्यांवर रुमाल बांधला आणि दुकानातल्या वायरमनला आवाज सारखे ठेवून संच बदलायला सांगितले. वीस वेळा. कुठला वाजतोय ते मला अकरा वेळाच बरोबर ओळखता आलं. खोटं कशाला सांगू, महागड्याचा खर्ज थोडा खोल लागतो. पण तुझ्या हॉलला तिन्ही बाजूंनी काचा आहेत, तिथे तोही घुमणार.

मला काय ठाऊक, तो खड्डा बाबांच्या वाट्याचा निघेल? हल्ली ते आपल्या जुन्या रेडिओवर तळहात ठेवून बसतात. म्हणतात, बातम्या संपल्या की थरथर थांबते, तेवढं कळतं.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच. खोकं आणि पावती असेल तर दुकान तीस दिवसांत माल परत घेतं. मुदत येत्या सोमवारी, २० तारखेला संपते. पोस्टावर न विसंबता हे तुझ्या वॉचमनच्या हाती देतोय. संच घेऊन ये. मालक कुरकुरले तर दोन आकड्यांचं मी त्यांच्या तोंडावर सांगेन, मग नोकरी राहो वा जावो. सासऱ्यांना काय सांगायचं, ते तू बघ. मी दुकानात तुला ‘साहेब’च म्हणेन.

तुझाच,
धाकटा

तुझा संच: ४,६०,०००
बाबांची दोन यंत्रं: ८४,०००
तुझ्या संचावर मला मिळालेलं कमिशन: ६,९००
त्यात माझे ६०० घालून यंत्रांसाठी भरले: ७,५००
बाकी: ७६,५००
‘गल्लीतला मुलगा’: मांडलेलं नाही.