विंझरचा वार्ताफलक

१ मे १९७४, बुधवार. सकाळी ६ (खरं तर ८.३०)
आजपासून नियमित रोजनिशी. पत्रकाराला शिस्त हवी.
वृत्तपत्रविद्येच्या पदवीचं प्रॅक्टिकल : आपल्या गावात वार्ताफलक चालवायचा. रविवारी, ता. १२ ला, सर स्वतः पुण्याहून येऊन तपासणार. पन्नास मार्क. गेल्या वर्षी यातच गेलो (परीक्षक जुन्या वळणाचे). यंदा पास झालो की पुण्यात एका साप्ताहिकात उपसंपादक. शब्द मिळालाय. नापास झालो तर नानांची पिठाची गिरणी. वडील म्हणून नानांबद्दल आदर आहे. गिरणीबद्दल नाही.
चावडीच्या भिंतीवर फळा ठोकला. अंगठाही ठोकला गेला. उद्यापासून धडाका.

३ मे
काल अंगठ्यामुळे अंक निघाला नाही. आज पहिला अंक. अग्रलेख : ‘लोकशाहीत वृत्तपत्रांचे स्थान’. खाली ठळक : संपादक, मानसिंग. वाचक दोन. एक मी. दुसरे सोनबाकाका, म्हणजे ते वाचत नव्हते, फळ्याला पाठ टेकून तंबाखू मळत होते. उठले तेव्हा अर्धा अग्रलेख सदऱ्यावर. तसेच गावभर हिंडले. खप वाढतोय.

५ मे, रविवार
एसटी थांब्यावर धोंडाआत्याचं चहाचं हॉटेल. आत्या म्हणजे नानांची चुलत बहीण. पुण्याच्या गाडीचा कंडक्टर चिमाजी तिथं चहा पितो, काय काय सांगतो, आणि दिवे लागायच्या आत ते घरोघर. आज तिला स्पष्ट बजावलं की याला गावगप्पा म्हणतात. दोन स्वतंत्र सूत्रांनी दुजोरा दिला तरच बातमी. आत्या म्हणाली, बरं बाबा, च्या घेनार का?
घेतला. दोन कप.

८ मे
रेल्वेचा संप! तीन इंची मथळा. नाना म्हणाले, विंझरातनं कुनाची आगगाडी जातीया? दृष्टी नाही लोकांना.
संध्याकाळी आत्याने हाक मारली. चिमाजीला पुण्याच्या स्टँडवर एक टकले, चष्मेवाले मास्तर भेटले म्हणे. मानसिंगला सांगा, रविवारी जमत न्हाई, शुक्रवारीच येतो. सूत्र एकच, चिमाजी. आत्या ही त्याचीच शाखा. सर आले तर रीतसर पत्र घालून येतील. बातमी रद्द.

९ मे
सोनबाकाकाही तेच सांगायला आले. विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? धोंडाबाईनं. खोडले. मग नाना. त्यांना सोनबाकाकांनी. खोडले. एका अफवेला किती पाय फुटावेत! आत्या पुन्हा येऊन म्हणाली, आरं लेकरा, ऐक की माजं. सौम्य शब्दांत नकार दिला.
आजचा अंक, एकच ओळ : ‘अफवांपासून सावध राहा’.

१० मे, शुक्रवार
सर रविवारी येणार, म्हणून रंगीत खडू आणायला भोरला गेलो. नसरापुरात पांढरेच मिळतात. नसरापूरला माझी गाडी थांबली तेव्हा समोरून पुण्याहून विंझरमार्गे जाणारी वेल्ह्याची गाडी गेली. खिडकीत एक टक्कल, चष्मा. ओळखीचं वाटलं. खात्री नाही, म्हणून नोंद घेत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गावात पाऊल ठेवलं तर सगळं गाव अंगावर. सर येऊन गेले म्हणे. फळ्यावरची ओळ वाचली, हसले. गावच्या बातम्या कुठं कळतात, असं ज्याला त्याला विचारलं. ज्याने त्याने हॉटेलकडे बोट दाखवलं. मग तिथंच तीन तास बसले, वही भरली, पिठलं-भाकरी खाल्ली, दुपारच्या गाडीने गेले.
सूत्रं आता चाळीस. पण सगळी आत्याच्याच बाकड्यावर बसलेली. लेखी पुरावा नाही.

११ मे
पोस्टमनने कार्ड दिलं. सरांचं अक्षर, तारीख ६ मे. ‘शुक्रवार ता. १० रोजी येत आहे. हजर राहावे.’
दुजोरा मिळाला.
जेवलो नाही. आत्याने चहा पाठवला, तो घेतला.

१४ मे
आत्याने मागच्या दाराने आत बोलावलं. सर जाताना तिला सांगून गेले होते, पोरगा यंदा पण गेला. चार दिवस हिने ही बातमी पोटात ठेवली! धोंडाआत्याने! गावात कुणाला म्हणून माहीत नाही. म्हणाली, मला सांगवंना रं. डोळ्यांना पदर लावला. माझेही डोळे भरले, चुलीचा धूर फार होता.
तरी सूत्र एकच. वाट पाहतो.

१६ मे
कॉलेजचं पत्र. दोन सूत्रं झाली.
नानांनी गिरणीच्या इंजिनाचं हँडल हातात दिलं. तात्पुरतं आहे. ग्रामीण उद्योगांवर लेखमाला लिहायची तर प्रत्यक्ष अनुभव हवाच.

१९ मे, रविवार
पेपरात केवढी बातमी! काल राजस्थानात देशाने अणुस्फोट केला. फळा धुतला. वर रंगीत खडूने ‘भारताचा अणुस्फोट’. खाली उरलेल्या जागेत ‘पट्टा तुटल्याने गिरणी दोन दिवस बंद’. तासभर आडोशाला उभा राहिलो. एक शेळी थांबली.
मग हात झटकले आणि सरळ आत्याकडे गेलो. स्फोटाचं तिला कालच कळलं होतं, चिमाजीकडून. पट्ट्याचं मात्र ठाऊक नव्हतं! म्हणजे विंझरात आत्याच्या आधी बातमी माझ्याकडे होती. छाती भरून आली. म्हटलं, आत्या, सांग आता सगळ्यांना.
आत्या म्हणाली, तू येकलाच सांगतुयास. थांब, नानांला इचारून येते.